गोळी घेतली, पण चहासोबत?

गरोदरपणात रक्त कमी होऊ नये म्हणून "लोहाच्या गोळ्या नियमित घ्या, पालेभाज्या खा" एवढं तुमच्या लेखात आहे. पण गोळी कधी आणि कशासोबत घ्यायची, हे राहून गेलंय, आणि खरी गोम तिथेच आहे. माझ्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.६ निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी. गोळी एकदाही चुकवली नव्हती! आमच्या आशाताईंनी एकच विचारलं, "जेवल्यावर लगेच चहा घेतेस का?" घेत होते, रोज. शिवाय कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबरच. चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. मग लोहाची गोळी रात्री लिंबूपाण्यासोबत सुरू केली, कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणानंतर, चहा जेवणापासून तासभर लांब. आठव्या महिन्यात १०.८ झालं.

सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाच्या १८० गोळ्या फुकट मिळतात. शी काळी झाली की कितीतरी जणी घाबरून त्या बंद करतात. अगं, ते गोळीमुळेच होतं, त्यात काही धोका नाही. गोळ्यांची पाकिटं हातात देताना हे दोन शब्द प्रत्येकीला सांगाच.