गेट म्हणजे मिळवणे

आईनं सत्तरीत इंग्रजी शिकायला घेतलं आणि रविवार दुपारची माझी झोप गेली. तिची वही म्हणजे जुन्या डायरीची कोरी राहिलेली पानं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि अधूनमधून इस्त्रीवाल्याचा हिशेब. त्या वहीत ‘गेट = मिळवणे’ असं लिहून देण्याची चूक मी केली. (सोसायटीचं गेट वेगळं, हे पटवण्यातच दहा मिनिटं गेली. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, त्याला मी काय करू?)

पुढच्या रविवारी उलटतपासणी.

“गेट अप म्हणजे वर मिळव?”

“ऊठ.”

“इट इज गेटिंग लेट?”

“उशीर होतोय.”

“मग त्यात मिळालं काय?”

बसमध्ये चढणं ‘गेट ऑन’, कारमध्ये बसणं ‘गेट इन’. का, ते मला येत नाही. समजावता आलं नाही की मी इतिहासात शिरतो. म्हटलं, हा शब्द मूळचा इंग्रजांचा नाहीच. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’वरून आलाय.

“म्हणजे ‘मिळवणे’सुद्धा दुसऱ्याकडूनच मिळवलं!” हे मात्र तिनं लगेच लिहून घेतलं. उत्साहाच्या भरात मी सांगितलं, की याचंच ‘गॉटन’ हे रूप अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये बहुतेक नुसतं ‘गॉट’. आईनं शांतपणे पेनाला टोपण लावलं.

खरा घोटाळा बुधवारी झाला. शेजारच्या काकूंच्या कुडीची फिरकी हरवली. बिचाऱ्या दारात रडवेल्या उभ्या. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाली, “गेट लॉस्ट, हं. गेट लॉस्ट.”

काकूंचा नातू इंग्रजी माध्यमात आहे. त्यांना अर्थ कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“हरवलेलं मिळो, असंच म्हणाले ना मी?” आई माझ्यावरच उखडली. “एका शब्दाचे इतके अर्थ! ही काय भाषा झाली? जाऊ दे, भूक लागलीय. भात व्हायला वेळ लागेल, तोवर पेढा खा. वरच्या मजल्यावरच्या मुलाला नोकरी लागली, त्याचे आहेत. जरा अगोडच लागतात. आणि उंबऱ्याशी जपून, मला मघाशी ठेच लागली.”

मी तिची वही ओढली. नव्या पानावर डावीकडे लिहिलं, ‘लागणे =’. उजवीकडे काय लिहावं सुचेना, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.