कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याची पुणेरी पद्धत

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की आधी एचडीएल बघा. ते ५० निघालं तर पुढचं वाचू नका. ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल भरपूर आहे, मग ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १६८ असेना का! (एचडीएल वाढवणारी बहुतेक औषधं अटॅक कमी करण्यात फसली, हा विषय कट्ट्यावर काढू नये.)

डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम रोझुवास्टॅटिन दिलंच, तर सहा आठवडे इमानेइतबारे घ्या. एलडीएल ९० वर आलं? काम फत्ते. रिपोर्ट नॉर्मल असताना गोळी कशाला? ही गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते. मग यकृत जादा रिसेप्टर बसवून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा मूळपदावर. तेव्हा ‘उपयोगच झाला नाही’ म्हणून डॉक्टर बदला. पुण्यात डॉक्टरांना तोटा नाही.

दुखत तर काहीच नाही. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून फुगतात, वर पातळ आवरण धरतं. याला वर्षानुवर्षं लागतात. तेवढ्यात तुम्ही दर रविवारी पर्वती चढून या. स्ट्रेस टेस्टही करून टाका. साधारण ७० टक्के अरुंद झालेली धमनी तिला सापडते, ४० टक्केवाली सहसा नाही. आवरण फाटून गुठळी मात्र त्या ४० टक्केवाल्या जागीही होते. पण टेस्ट नॉर्मल आहे ना? मग मिसळीवर आणखी तर्री मागवा.

तेल ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेलंच घ्या. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणा, पामतेलातही नसतं. त्यात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं आणि एलडीएल वाढवायला ते पुरतं. खारी चहात बुडवल्यावर वर जो तेलकट तवंग येतो, तो बाजूला न सारता प्यावा. रोज सकाळी लसणाची पाकळी खाल्ली की हिशेब मिटला.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलचाच भाऊबंद, अटॅकचा धोका वाढवणारा) ही तपासणी बहुतेकांना आयुष्यात एकदाच पुरते, कारण तो आकडा आईवडिलांकडून येतो. म्हणूनच ती टाळा. वडिलांना ४८ व्या वर्षी आलेला अटॅक ऑफिसच्या टेन्शननं होता, हे घरात एकमतानं ठरलेलं आहे. ते उगाच उकरू नये. मुलाची लिपिड तपासणी तर नकोच. त्याचं यंदा दहावीचं वर्ष आहे.