दोन वॅट जास्त

“म्हणजे दोन वॅट जास्तच खातं की हे!” असं म्हणून काकांनी माझं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड काउंटरवर ठेवलं आणि दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना साक्षीला घेतल्यासारखं एकेकाकडे पाहिलं.

स्थळ पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीच्या आसपासचं, वेळ परवा भर दुपारची. पुण्यातली दुकानं १ ते ४ बंद असतात म्हणून अख्खा महाराष्ट्र आपल्याला हसतो. या दुकानदाराने सुधारणा करून दुपारीही शटर वर ठेवायला सुरुवात केली आहे. तो जुन्या वळणाचा असता, तर माझी अब्रू शाबूत राहिली असती.

मी आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांना थ्रीडी व्ह्यू करून देतो. सध्या कोथरूडात दर चार पावलांवर एक सोसायटी पाडून टॉवर उभा करायचं घाटतंय, त्यामुळे कामाला तोटा नाही. पैसे वेळेवर मिळतात असं मात्र कुणी समजू नये. ते व्ह्यू काढायला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड लागतं. माझं जुनं कार्ड क्वाड्रो के२२००, २०१४ सालचं मॉडेल. नवं आरटीएक्स ए२०००, २०२१ मध्ये आलेलं, त्यातलं १२ जीबीवालं. किंमत इथे लिहीत नाही, कारण मी लिहिलेलं घरात वाचलं जातं. घेताना मी दुकानदाराला स्पष्ट विचारलं होतं, “माझे दोन्ही मॉनिटर जुने आहेत. एकाला डीव्हीआयची वायर, दुसऱ्याला व्हीजीएची. लागतील ना?”

“सगळं लागतं सर,” तो म्हणाला होता.

जुन्या कार्डाला मॉनिटरची वायर लावायला एक डीव्हीआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट होते. त्या डीव्हीआयमधून साधा, म्हणजे जुन्या पद्धतीचा अ‍ॅनालॉग, सिग्नलही निघायचा, म्हणून एक फालतू जोडणी लावली की व्हीजीए चालून जायचं. नव्याला मागे चार भोकं आहेत आणि चारही मिनी डिस्प्लेपोर्ट. त्यातून साधा सिग्नल निघतच नाही, त्यामुळे व्हीजीएसाठी आत चिप असलेला, म्हणजे महागातला, कन्व्हर्टर लागतो. एवढे पैसे मोजून घरी काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनाची अवस्था वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. दोन्ही कार्डं पिशवीत घातली आणि भांडायला निघालो. जुनंही घेतलं, कारण “जुनं आणा, बघू काहीतरी,” असंही तो म्हणाला होता.

आणि तिथे काका होते.

काका एक एक्स्टेन्शन बोर्ड परत करायला आले होते. बोर्ड उत्तम चालत होता. त्यांची तक्रार अशी, की बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येत नाही. “चालू झालं की नाही हे कळणार कसं?” त्यावरचा लाल दिवा लागतो, हे दुकानदाराने दाखवलं. “दिवा लागतो हो, पण मी बघत नसलो तर?” या मुद्द्यावर चर्चा अडली असताना मी दोन कार्डं काउंटरवर मांडली आणि दुकानदाराने सुटकेचा श्वास टाकून काकांना माझ्या अंगावर सोडलं.

“हे काय?”

“ग्राफिक्स कार्ड. हे जुनं, हे नवं.”

काकांनी दोन्ही हातांत एकेक घेतलं. जुनं जवळजवळ आठ इंच लांब, नवं साडेसहा इंचांच्या आसपास आणि उंचीलाही कमी. “लहान आहे की नवं. आणि पैसे जास्त?”

“काका, साइजवर नसतं ते. आत हिशोबनीस बसलेत असं समजा. त्यांना कोर म्हणतात. जुन्यात ६४० आहेत, नव्यात ३३२८.”

ही उपमा देताना मला माहीत नव्हतं, की काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि कर्मचारी संघटनेत पदाधिकारी होते.

“पगार?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“वीज हो! दोन्हीकडे किती लागते?”

“जुन्याला ६८ वॅट, नव्याला ७०.”

लेखाचं पहिलं वाक्य इथे आलं. मग काकांनी मनात भागाकार केला असावा, कारण चेहरा एकदम गंभीर झाला. “थांबा. माणसं पाचपट आणि पगारात वाढ दोन रुपये? पिळवणूक आहे ही.”

मी म्हणालो, की हा आकडाही तसा सरळ नाही. नव्या पिढीत कोर मोजण्याची रीत बदलली. यातल्या निम्म्या जणांना दशांशाचे हिशोब सोडून अधूनमधून पूर्णांकांचंही काम बघावं लागतं.

“अतिरिक्त कार्यभार,” काका म्हणाले. “भत्ता?”

“नाही.”

“बघा!” हे त्यांनी मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेल्या एका मुलीला सांगितलं. तिने इयरफोन काढून “काय?” विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत परत घातला. शहाणी मुलगी.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण आपलं खर्चिक यंत्र कुणीतरी दोन वॅटवरून मोडीत काढतंय म्हटल्यावर माणूस पेटतो. मी सांगितलं, की नव्या कार्डात शिवाय २६ खास कोर आहेत, ते फक्त प्रकाशाचा किरण कुठे आपटतो एवढंच बघतात. आणि आणखी १०४ आहेत, ते अर्धवट चित्र पाहून उरलेलं कसं असेल याचा अंदाज बांधतात. जुन्यात या दोन्ही जातींचा एकही नाही.

“१०४ जण नुसता अंदाज बांधायला?” काकांचे डोळे चमकले. “नियोजन विभाग! आमच्याकडे स्वतंत्र मजला होता.”

“त्यामुळे काम फार लवकर होतं.”

“कुठलं काम? तुम्ही मघाशी ते नकाशे म्हणालात ना, ऑटोकॅड का काय. ते पाचपट लवकर होतात?”

मला खोटं बोलता येत नाही, विशेषतः अनोळखी माणसाशी. ऑटोकॅडच्या साध्या नकाशाचं बरंचसं काम मुख्य प्रोसेसरवर चालतं, आणि तिथेही बहुतेक वेळा त्याचा एकच कोर राबत असतो. कार्ड बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. मी हे जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

काकांनी टाळी वाजवली. “म्हणजे ३३२८ जण बसून आणि एकटा राबतोय! हां, हे पटलं. इतका वेळ तुम्ही सांगत होता त्यावर माझा विश्वास नव्हता. हे अगदी बरोबर आहे!” मागे एक गृहस्थ मिक्सरची वायर घेऊन उभे होते, ते मोठ्याने हसले. दुकानदारही हसला, ज्याने मला हे कार्ड विकलं होतं.

खरी फसवणूक वेगळीकडेच आहे, आणि ती काकांना सांगायची राहून गेली. के२२०० मधली चिप आणि गेम खेळणाऱ्या पोरांच्या जीटीएक्स ७५० टीआयमधली चिप एकच. ए२००० आणि आरटीएक्स ३०६० यांचंही तेच. आम्ही दाम जास्त मोजतो ते मेमरीचे, ड्रायव्हरचे (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आणि ‘हे कार्ड अमुक सॉफ्टवेअरसाठी तपासलेलं आहे’ या प्रमाणपत्राचे. मग ३०६०च का घेतलं नाहीस, असं मेहुण्याने विचारलंच. अरे बाबा, ते १७० वॅट ओढतं, त्याला वेगळी वायर लागते, आणि माझ्या ऑफिस-छाप डब्याच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीला, ती वायरच नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात. त्या ७५ च्या आत बसणारं जे काही मिळतं, ते घेणं आलं. गरिबाचा चॉइस हा असा वॅटमध्ये मोजावा लागतो.

आणि वेग वाढला, तो नेमका कुणाला मिळाला? पूर्वी संध्याकाळी रेंडर, म्हणजे शेवटचं चित्र काढायचं काम, लावलं, की बिल्डरला “सकाळी देतो” म्हणून झोपता यायचं. यंत्र रात्रभर घरघरायचं, मी घोरायचो, आणि सकाळी कपाट चुकीच्या भिंतीला असलं तरी तो “राहू द्या, चालेल” म्हणायचा, कारण पुन्हा एक रात्र जाणार हे त्याला ठाऊक होतं. मित्राच्या ऑफिसात याच ए२००० वर तेच काम चहा संपायच्या आत झालेलं मी पाहिलंय, आणि तो मित्र तेव्हापासून रात्री जागा असतो. बिल्डर फोनवरच असतो. टाइल बदला. आता सोफा निळा करा. नको, आधीचाच बरा होता. काचेत समोरच्या सोसायटीचं प्रतिबिंब पडतंय, तिथले वाळत घातलेले कपडे काढा. कपडे! ते २६ जणांनी किरण मोजून इमानदारीने दाखवलेले असतात. पैसे मात्र व्ह्यूच्या नगावर, दर जुनाच. काकांच्या पिळवणुकीच्या यादीत माझंही नाव घालायला हरकत नव्हती.

शेवटी मुद्द्यावर आलो. कन्व्हर्टर फुकट मिळणार नाही असं कळलं. “तुम्ही कन्व्हर्टर लागेल का असं विचारलं नव्हतं सर, मॉनिटर लागेल का विचारलं होतं.” याला पुण्यात उत्तर नाही. जुन्या कार्डाचे दुकानदार बारा-पंधराशे देतो म्हणाला. मी दोन हजारांवर अडून बसलो. तेवढ्यात काका मध्ये पडले.

“एवढं जुनं, चालतं का अजून?”

“उत्तम चालतं. फक्त त्या पिढीसाठी कंपनीने ड्रायव्हरमध्ये नव्या सोयी देणं बंद केलंय,” मी म्हणालो. संभाषणाच्या ओघात माणूस बोलतो.

“मग बंद पडलेलंच की ते!” काका दुकानदाराकडे वळले. “काय देताय याचे पंधराशे?”

दुकानदार सहाशेवर आला. मी कार्ड उचलून पिशवीत घातलं.

काकांना मात्र दुसरा बोर्ड मिळाला. त्यांनी त्याची पाचही बटणं दोनदा दाबून पाहिली, टक टक ऐकून मान डोलावली, बिल घडी करून खिशात ठेवलं आणि जाताना मला म्हणाले, “दोन मॉनिटर लागतातच कशाला? डोळे काय वेगवेगळीकडे बघतात?”

रात्री दुकानाचा मेसेज आला: अनुभव कसा वाटला, स्टार द्या. मी तीन दिले. दोन मिनिटांत फोन. “सर, काही चुकलं का आमचं? तुमच्याबरोबर ते काका होते ना, त्यांनी पाच दिलेत.”