झाड सुकलं नव्हतं

आज सकाळी पावणेआठला खाली करवतीचा आवाज आला, मी चहा तसाच टाकून धावले. गेटजवळच्या काटेसावरीच्या अर्ध्या फांद्या जमिनीवर, कळ्यांसकट. छाटणाऱ्या दादाला विचारलं तर म्हणे, ताई, झाड सुकलंय, एक पान नाही बघा. त्याच्यावर नाही चिडले, त्याला सांगितलं ते तो करतोय. पण कमिटीवालेही तेच बोलत होते! वीस-वीस वर्षं राहताय ना इथे? सावर थंडीत पानं टाकते आणि मगच फुलते, एकदाही मान वर करून बघितलं नाही कुणी?

बाबा शेवटच्या वर्षी अंथरुणातच होते, त्यांचा पलंग आम्ही खिडकीशी लावला होता. तिसरा मजला, सावर अगदी समोर. जाग आली की पहिला प्रश्न, भोरड्या आल्या का गं? भोरड्या म्हणजे त्या गुलाबी मैना, मध्य आशियातनं येतात, थंडी आपल्याकडे काढतात आणि एप्रिलपर्यंत निघून जातात. पन्नासेक एकदम उतरल्या की काय कालवा! कावळा अख्खं डोकं फुलात खुपसायचा आणि बाहेर काढलं की कपाळ परागांनी माखलेलं. खार तर फूल दोन्ही हातांनी धरून वाटीतून प्यावं तशी मध प्यायची. जेवायला नको म्हणणारे बाबा ते बघत बघत अर्धी वाटी पेज संपवायचे. रात्री वटवाघळं यायची, तेव्हा लाइट बंद करायला लावायचे.

परवानगी होती म्हणे. 1975 चा झाडांचा कायदा मलाही माहितीये, म्हणून कागद मागितला, तर त्यावर 'वाळक्या फांद्या' लिहिलंय. वाळक्या?? कळ्या धरलेली फांदी वाळकी?

हो, फुलं पडली की पाकळ्यांचा चिखल होतो, मागच्या वर्षी एक काका घसरले, मान्य. मेमध्ये कापूस उडतो तेही मान्य. मग सकाळी झाडू मारा ना, छाटायचंच तर फुलं होऊन गेल्यावर, पावसाच्या आधी छाटा. आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात हीच पडलेली फुलं चितळं येऊन खातात आणि आपल्याला त्यांचा कचरा वाटतो.

आता राग जरा उतरलाय. खरं सांगू, सगळ्यात जास्त लागलं ते हे की तोडलेली मोठी फांदी बरोबर आमच्या खिडकीसमोरचीच होती. बाबा बघायचे ती. तिचा एक तुकडा वर आणलाय, बादलीत पाणी घालून खिडकीत ठेवलाय. एक कळी जराशी उकललीय, आतला लाल दिसतोय.

उरलेल्या फांद्या सोमवारी तोडणार आहेत. सकाळी सातपासून मी झाडाखाली उभी असणार. आसपास राहणाऱ्यांनो, कोण कोण येताय ते सांगा.