व्हिटेलो, आचरेकर सर आणि मंडळाचे स्टंप

"पोझीचं डोकं फिरलंय," समोशावर चटणी ओतता ओतता नानांनी निकाल दिला. "मेजर लीग सोडा, या व्हिटेलोने खालच्या मायनर लीगमध्येही एक दिवस काढलेला नाही. ना खेळाडू म्हणून, ना कोच म्हणून. आणि थेट जायंट्सचा मॅनेजर? उद्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आणून बसवा!"

कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये एल कमिनोवर, वाणसामानाच्या दुकानाबाहेरचा आमचा शनिवारचा कट्टा. विषय एकच: सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल टीमचा कारभारी पोझी याने टोनी व्हिटेलो या कॉलेजच्या कोचला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, नेमलं होतं. नाना म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेले गृहस्थ. त्यांच्या सेंच्युऱ्या दर दिवाळीला एकाने वाढतात.

"कॉलेजात तरी काय दिवे लावले त्याने? मिझूरीत वॉक-ऑन! स्कॉलरशिप नाही, काही नाही, आपणहून दारात जाऊन उभा. इन्फिल्डला, म्हणजे आतल्या मैदानात, जमेल तसा खेळला. २००२ ला खेळ खलास."

मंजिरी लेकीच्या सॉफ्टबॉल मॅचची स्कोअरबुक खोडरबराने साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आचरेकर सर फर्स्ट क्लास किती खेळले, नाना?"

नाना समोशात गुंतले.

"एक मॅच. अख्ख्या आयुष्यात एक. आणि ग्रेग चॅपेल? केवढा मोठा बॅट्समन! आपल्या टीमचा कोच झाला तेव्हा काय झालं, ते सांगू का?"

"सर पोरं घडवायचे गं. इथे सगळे कोट्यधीश!"

"शर्झर, एवढा मोठा पिचर, म्हणजे आपला बोलर, तोही पोरगाच होता की मिझूरीत. तेव्हा पिचिंग कोच कोण? व्हिटेलो. इन्फिल्डचा माणूस, पिचर शिकवत होता. तो शर्झर २०२५ ला एक्केचाळिसाव्या वर्षी वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या फायनलची, सातवी मॅच सुरू करतो."

"आणि जिंकलं कोण?" सद्याने विचारलं. जिंकलेल्या, जायंट्सच्या जुन्या वैरी डॉजर्सचं नाव ओठावर आणायचीही बंदी असल्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

टेनेसी विद्यापीठाच्या टीमचं मी सांगून पाहिलं. २००५ नंतर एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय, स्पर्धेचं तोंड न पाहिलेली टीम २०१७ मध्ये व्हिटेलोच्या हाती आली. २०१९ ला स्पर्धेत, २०२१ ला ओमाहात, म्हणजे स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात. २०२४ च्या फायनलची पहिली मॅच टेक्सास ए अँड एमने मारली, पुढच्या दोन्ही यांनी. हंगामात साठ विजय आणि वर करंडक.

"आणि २०२२?" नानांना जोर चढला. "देशात नंबर एकची टीम, आणि घरच्या मैदानावर नोत्र दामकडून मार!"

सद्याचा मुद्दा मात्र खरा होता. कॉलेजात साध्या हंगामाच्या ५६ मॅच, इथे १६२. तिथे पोरगा ऐकेना तर बाकावर बसव, पुढच्या वर्षी दुसरा आण. इथे करार कोट्यवधींचे, कोणाला बसवणार? शिवाय तिथली आरडाओरड जूनमध्ये आटपते. इथे सप्टेंबरपर्यंत रोज कोण ओरडणार?

"तो ओरडेल," मंजिरी म्हणाली. "बाप शाळेत कोच होता त्याचा, घरातच ऐकत वाढलाय. आणि गिलबर्ट आहेच की जायंट्समध्ये, टेनेसीतला त्याचाच चेला. दोघं मिळून ओरडतील."

"अंपायरला छातीने ढकलणारा माणूस हा! चार मॅच बंदी झाली होती. खेळाची काही संस्कृती असते की नाही?"

हे नानांनी बोलायला नको होतं. मंडळाच्या स्पर्धेत त्यांना एलबीडब्ल्यू देणारा अंपायर समोरच चहा पीत होता.

"संस्कृती!" सद्याने कप खाली ठेवला. "तिन्ही स्टंप उपटून गाडीत घालून कोण निघून गेलं होतं?"

"अरे, लेगच्या बाहेर जात होता तो!"

"बॉलचं माहीत नाही, स्टंप तुमच्या गॅरेजात गेले."

मंजिरीच्या हातून स्कोअरबुक पडली. आतून काकू पिशव्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ते होय? त्यांवर मी टोमॅटोचे वेल चढवलेत."