अलीची ती दहा सेकंदांची क्लिप आणि माझं भांडण

काल शाळेच्या ग्रुपवर परत ती क्लिप आली. मोहम्मद अली कोपऱ्यात दोरांना टेकून उभा, हात खाली, समोरचा पोरगा सटासट ठोसे मारतोय आणि अलीचं डोकं दरवेळी दोन बोटांच्या फरकानं बाजूला. शेवटी कंबर हलवून थोडा नाच. खाली मजकूर: 'दहा सेकंदांत २१ ठोसे चुकवले, याला म्हणतात डिफेन्स!'

मी लिहिलं, 'याला डिफेन्स म्हणत नाहीत.' मग व्हायचं ते झालं. 'तुला काय कळतं', 'अलीला नावं ठेवतोस?' वगैरे. ग्रुपवर एवढं टाइप करवत नाही, म्हणून इथे.

आधी क्लिपबद्दल. ती १९७७ ची, मायामीतली, प्रदर्शनी लढतीतली. समोरचा मायकल डोक्स तेव्हा अठरा वर्षांचा बॉक्सर. पोरगा कच्चा नव्हता, १९८२ मध्ये तोही हेवीवेट चॅम्पियन झाला. पण त्या दहा सेकंदांत तो सगळे ठोसे डोक्याकडेच मारतोय. अली हलू शकत नाही, मागे दोर आहेत, आणि पोटात एक घालावा असं डोक्सला सुचत नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोर अर्नी शेव्हर्स होता. अली पंधरा राउंड टिकला, पॉइंट्सवर जिंकलाही. पण त्या रात्री त्यानं जो मार खाल्ला तो पाहवत नाही. त्याचे डॉक्टर फर्डी पचेको त्यानंतर त्याला सोडून गेले. पुढच्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सनं त्याचा हेवीवेटचा किताब काढून घेतला, तेव्हा स्पिंक्सच्या गाठीला जेमतेम सात व्यावसायिक लढती होत्या. माणूस तोच आणि रिफ्लेक्सही तेच. क्लिप मात्र फक्त डोक्सची फिरते.

कॉलेजात असताना मी दीड वर्ष बॉक्सिंग केलं. (केलं म्हणजे खाल्लं.) आमचे सर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीच्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधायचे. तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे होत पुढे जायचं. मी कमरेतून वाकायचो, नजर जमिनीकडे. सर मागून ओरडायचे, "अरे, नमस्कार कुणाला करतोयस? गुडघ्यातनं वाक, डोळे समोर!" पहिले दोन महिने ठोसा आला की माझे डोळे आपोआप मिटायचे. एकदा सरांनी ग्लोव्ह नुसता नाकासमोर आणून थांबवला, तरी मिटले. तेव्हा कळलं की रिफ्लेक्स नावाची गोष्ट मुळात आपल्या विरुद्ध असते.

हिशेब साधा आहे. डोळ्यानं पाहून शरीर हलायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) तेवढा वेळ देत नाही. म्हणजे ठोसा निघाल्यावर पाहून तो चुकवता येत नाही. चुकवणारा आधीच वाचत असतो: पुढच्या पायावर वजन आलं का, खांदा किंचित वर गेला का, अंतर किती उरलं. आपण ज्याला विजेसारखे रिफ्लेक्स म्हणतो त्यातला मोठा भाग पाठांतर असतं.

साठच्या दशकातल्या अलीकडे हे होतं, आणि शिवाय चपळ पाय होते. १४ नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सची लढत बघा, तीन राउंडांत संपते. तिथे तो डोकं नाही, आख्खा माणूसच जागेवरून हलवतो. पण पुस्तकी हिशेबानं त्याचा डिफेन्स चुकीचाच होता. हात कमरेशी, हनुवटी वर, आणि ठोसा आला की सरळ मागे झुकायचं. कुठलाही कोच हे पहिल्या आठवड्यात मोडतो, कारण मागे झुकलं की वजन टाचांवर जातं आणि दुसरा ठोसा पाठोपाठ येतो. १९६३ मध्ये वेम्बलीला हेन्री कूपरच्या लेफ्ट हुकनं (डाव्या हाताच्या, बाजूनं येणाऱ्या ठोशानं) अली खाली बसला होता, राउंड संपल्याच्या घंटेनं वाचवलं.

मग १९६७ ते १९७०, साडेतीन वर्षं बंदी. पाय परत आले नाहीत. आणि अलीला पोटापाण्याची नवी सोय सापडली: आपण मार सहन करू शकतो. किन्शासात १९७४ ला दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनला थकवलं, त्याचं आपण आजही कौतुक करतो. मला ती लढत आवडते, पण ती बघताना पोटात गोळा येतो.

अलीची खरी परीक्षा घेतली एडी फचनं. हा माणूस रिंगमध्ये लढत नव्हता, अलीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कोपऱ्यात कोच म्हणून होता. त्यानं हेरलं की उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना अलीचा उजवा हात खाली येतो. ८ मार्च १९७१, पंधरावा राउंड: अपरकट निघतोय आणि जो फ्रेझरचा लेफ्ट हुक येतो. अली उताणा. १९७३ मध्ये फच केन नॉर्टनच्या कोपऱ्यात होता, त्या लढतीत अलीचा जबडा मोडला. कुस्तीत आपण म्हणतो ना, डावाला तोड असते. फचनं तोड लिहूनच ठेवली होती.

माझ्या मते हेवीवेटमधला सर्वांत सुंदर शिकवलेला डिफेन्स म्हणजे १९८६ ते ८८ मधला टायसन. लोक त्याचे नॉकआउट बघतात. उंची पाच फूट दहा इंच, समोरचे सगळे वरून मारणारे. त्याचा कोच कस डमाटोनं कॅट्सकिलच्या जिममध्ये त्याला झुलत्या छोट्या पिशवीसमोर तासन्‌तास डोकं हलवायला लावलं. दोन्ही हात गालांशी, एक ठोसा चुकवला की शरीर पुढच्या ठोशासाठी आपोआप वळलेलं. तिथे चुकवणं हीच मारण्याची सुरुवात होती. १९८८ मध्ये टायसननं नंतरचा कोच केव्हिन रूनीला काढलं आणि डोकं हलायचं थांबलं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसचे जॅब सरळ चेहऱ्यावर बसत होते. डोळा सुजला तर कोपऱ्यातल्या मंडळींकडे सूज दाबायचं साधं लोखंडही नव्हतं, रबरी हातमोज्यात थंड पाणी भरून लावत होते. टायसन तेव्हा २३ वर्षांचा. वयानं रिफ्लेक्स गेले म्हणायची सोय नाही.

याउलट लॅरी होम्स. अलीचाच जुना सरावातला जोडीदार. ७ फेब्रुवारी १९९२ ला अटलांटिक सिटीत तो रे मर्सरसमोर उभा राहिला. मर्सर ऑलिंपिक सुवर्णविजेता, तोवर एकही लढत न हरलेला. होम्स ४२ वर्षांचा, पोट सुटलेलं, पाय जड. कोपऱ्यात, दोरांशी, जिथे अली डोक्ससमोर होता तशाच जागी होम्स कितीतरी वेळ होता. पण हात जागेवर. ठोसा खांद्यावर घ्यायचा, कोपरावर घ्यायचा, अर्धं पाऊल सरकायचं, जॅब टाकायचा. बारा राउंड. तिन्ही पंचांनी निकाल होम्सच्या बाजूनं दिला.

ती लढत मी ग्रुपवर टाकली. क्लिप पाठवणाऱ्यानं वीस मिनिटांनी उत्तर दिलं: 'यात काही होतच नाहीये रे.'