छिद्रान्वेषण

परवा अमळनेरच्या एका कार्यालयात दोन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी माझा अर्ज पंचमध्ये घातला आणि खट्! टॅगचं भोक थेट जन्मसालातून आरपार. चार नंबरच्या साहेबांनी कागद उजेडात धरला. "साल दिसत नाही. नवीन अर्ज भरा."

"पण भोक तुमच्याच..."

"या खिडकीवर भोकं पाडत नाहीत."

तेवढ्यात बाकड्यावरून एक आप्पा उठले. पांढरी टोपी, पिशवीतून डोकावणारं भरताचं वांगं. "काय व्हयनं भाऊ?" अर्ज घेऊन त्यांनी भोकाला डोळा लावला, त्यातून साहेबांना न्याहाळलं आणि एकदम खुलले. उमेद मुंबईत जुन्या कॉम्प्युटरची कार्डं टोचायच्या, कार्ड पंचिंगच्या मशीनवर गेली होती म्हणे.

"अहो, भोक म्हणजे माहिती! कार्डावर ऐंशी उभे रकाने, बारा आडव्या ओळी. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. बाईंनी पाडलं ते काय? नुसतं भोक!"

रांग पुढे सरकत होती, आप्पा मागे. मुळात ही विद्या कापडाची. फ्रान्सात जॅकार्डच्या मागाला १८०४ पासून भोकांची कार्डंच नक्षी सांगायची. हे सांगताना त्यांनी गावातल्या प्रताप कापडमिलच्या दिशेला असा हात केला, की जॅकार्ड तिथंच पाळीवर असावा. मग अमेरिका. १८८०ची जनगणना आवरायला सात-आठ वर्षं गेली, म्हणून हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरनं १८९०ला भोकांची कार्डं मोजणारी यंत्रं लावली. "सुचलं कुठून? आगगाडीत! तिकडचे कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन टोचायचे. केस कसे, डोळे कसे, नाक केवढं." इथं ते थांबले, माझ्या नाकाकडे पाहिलं. "तुमचं एका भोकात मावलं नसतं."

रांगेतले सगळे हसले. साहेबसुद्धा.

मला हसू आलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा गेली, झेरॉक्सचे पैसे गेले, आणि माझं जन्मसाल साहेबांच्या मागच्या काचेत, त्यांच्याच कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मला उलटं का होईना, लख्ख दिसत होतं. तिकडे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी भोकांनी अख्खा देश मोजला. इथं एका भोकानं माझं वय गेलं.

नवा अर्ज भरला, नवा फोटो चिकटवला. बाई फोनवर होत्या. त्यांनी कागदांची चवड उलटी धरली. खट्!

फोटोवर. बरोबर नाकात.

मागून आप्पा म्हणाले, "आते बराबर लागनं!"